रोजच्या वापराला मोबिलिटी स्कूटर: ब्रोशर नंतर वाचा, आधी मोजपट्टी काढा

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका. रोज बाहेर पडायचं असेल, वाटेत थोडाफार चढउतार असेल आणि स्कूटर दरवेळी गाडीच्या डिकीत टाकायची नसेल तर मधल्या साइजची, चार चाकांची, सीट बाजूला वळणारी मोबिलिटी स्कूटर (चालायला त्रास असणाऱ्यांची, बसून चालवायची बॅटरीवरची गाडी) घ्या. मी तीच वापरते, आवडली, पाचात चार मार्क. एक मार्क का कापला ते खाली येईलच. पण मला खरं लिहायचंय ते वेगळंच आहे. ही निवड करताना सगळे, अगदी विकणारे धरून, बोलतात स्पीडवर आणि रेंजवर, म्हणजे ताशी किती आणि एका चार्जला किती किलोमीटर, आणि रोजच्या वापरात स्कूटर अडते ती भलतीकडेच. दारात अडते, लिफ्टमध्ये अडते, सीटवरून उतरताना अडते. मोकळ्या सपाट रस्त्यावर कुठलीही स्कूटर छानच चालते हो, वाटेतल्या सगळ्यात अडचणीच्या दहा फुटांत ती काय करते ते बघायला पाहिजे.

माझं थोडक्यात: दोन्ही गुडघ्यांची झीज, घरात काठी घेऊन व्यवस्थित फिरते, बाहेर मात्र जरा चाललं की बसायला कठडा शोधावा लागतो. अशाच माणसांसाठी ही वस्तू आहे, म्हणजे ज्यांना थोडं चालता येतं पण लांब जमत नाही. पहिली मोबिलिटी स्कूटर 1968 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ॲलन थीम यांनी बनवली ती पण अशाच गरजेतून, त्यांच्या घरात मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे चालणं अवघड झालेल्या व्यक्तीसाठी. तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही, एक सीट, पुढे हँडलचा दांडा, खाली बॅटरी आणि मोटर.

त्यामुळे मॉडेल बघायच्या आधी हे बघा की तुम्हाला स्कूटरच पाहिजे का. स्कूटरवर बसायचं तर कमरेतून स्वतःला सावरून बसता आलं पाहिजे, दोन्ही हात पुढे ताणून हँडल वळवता आलं पाहिजे, आणि उभं राहून वळून सीटवर टेकता आलं पाहिजे. यातलं एखादं जमत नसेल, किंवा दिवसातले बरेच तास त्यावरच बसून काढायचे असतील, तर जॉयस्टिकवाली पॉवर व्हीलचेअर जास्त बरी. ती जागच्या जागी फिरते, तिची सीट माणसाच्या मापाने बसवून घेता येते, हात खांद्यापर्यंत उचलावा लागत नाही. पुष्कळ लोक स्कूटर घेतात कारण ती आजारी माणसाची वस्तू वाटत नाही. भावना समजते, पण दोन वर्षांनी हातातली ताकद कमी होणार असेल असं डॉक्टर सांगत असतील तर ती भावना बाजूला ठेवलेली बरी. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे एकदा बसून तपासून घेतलं तर हा प्रश्न तासाभरात सुटतो. नजरेचं पण तिथेच विचारा, कडेने येणारं माणूस दिसत नसेल तर स्कूटर कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

आता मोजपट्टी. घरातून बाहेर पडेपर्यंतची प्रत्येक अडचण मोजायची, मुख्य दार, जिना असेल तर रॅम्प, पॅसेजचा कोपरा, लिफ्टचं दार, लिफ्टची आतली जागा, आणि जिथे स्कूटर रात्री उभी राहणार ती जागा. दाराची मोजणी चौकटीपासून चौकटीपर्यंत नाही करायची, दार उघडून धरल्यावर प्रत्यक्ष किती मोकळं राहतं ते मोजायचं, कारण बिजागरीकडे दाराची जाडी आत येते आणि तिथेच दोन-तीन सेंटिमीटर जातात. स्कूटरची रुंदी साधारण 50 ते 70 सेंटिमीटर असते त्यामुळे सरळ दारातून बहुतेक सगळ्या जातात. घोळ होतो तो वळून दारात शिरताना. पॅसेज अरुंद असेल आणि दार बाजूला असेल तर स्कूटरची लांबी आडवी येते, आणि लांबी एक मीटरपासून दीड मीटरपर्यंत काहीही असू शकते.

ब्रोशरमध्ये टर्निंग रेडियस लिहिलेला असतो. तो रेडियस आहे हे लक्षात ठेवा, पूर्ण गोल फिरायला त्याच्या दुप्पट जागा लागते. छोट्या तीन चाकी स्कूटरचा 80-90 सेंटिमीटरच्या आसपास असतो, मोठ्या चार चाकीचा दीड मीटरच्या वर जातो, म्हणजे तिला एका दमात फिरायला तीन मीटरची मोकळी जागा लागेल. अशी जागा घरात कोणाकडे असते? मग पुढे-मागे, पुढे-मागे करत बसायचं. व्हीलचेअरसाठी म्हणून लिफ्ट बसवतात तिचं आतलं एक नेहमीचं माप 110 बाय 140 सेंटिमीटर असतं. त्यात सव्वा मीटरची स्कूटर शिरते पण वळत नाही, म्हणजे बाहेर पडताना रिव्हर्समध्येच यावं लागणार. रिव्हर्स येता येणं हे त्यामुळे रोजचं काम आहे, कधीतरीचं नाही, आणि मान वळत नसेल तर आरसे लावून घ्याच. मी खडूने जमिनीवर स्कूटरचा चौकोन काढून बघितलं होतं. जरा येड्यासारखं वाटतं पण एका मिनिटात कळतं की ही वस्तू या कोपऱ्यात बसणार का.

तीन चाकं की चार, याच्यावर फार वाद घालतात लोक. सोपं आहे. तीन चाकी कमी जागेत वळते आणि पुढे एकच चाक असल्यामुळे पाय पसरायला जागा जास्त मिळते, ज्यांचा गुडघा पूर्ण वाकत नाही त्यांना हा मोठाच फायदा. चार चाकी स्थिर असते. तीन चाकी सरळ जाताना काही होत नाही, पण वळणावर स्पीड जास्त असला, किंवा एक चाक खड्ड्यात गेलं, किंवा उतारावर आडवं वळलं की वजन पुढच्या त्या एका चाकाच्या बाजूला जातं आणि तिरपी व्हायला बघते. घरात, मॉलमध्ये, गुळगुळीत फरशीवर तीन चाकी. रस्त्यावर चार चाकी. मला पाय पसरायला जागा हवी होती तरी मी चार चाकी घेतली, कारण माझ्या रोजच्या वाटेवर फूटपाथ बाजूला कललेला आहे आणि तिथे तीन चाकीवर बसून मला जीव मुठीत धरावा लागत होता.

सीटवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण दुकानात सगळ्यात कमी वेळ तिलाच मिळतो. लोक बसतात, अरे वा मऊ आहे म्हणतात, आणि उठतात. मऊपणा सोडा. पहिलं बघा ती वळते का आणि वळून लॉक होते का. खाली एक लिव्हर असतो, तो ओढला की सीट बाजूला फिरते, आणि सोडला की 45 किंवा 90 अंशात खटकन अडकते. न अडकता नुसतीच फिरत राहणारी सीट फार वाईट, कारण उठताना आपण जोर लावतो तो हातांवर, आणि त्याच वेळी सीट खालून सरकते. लिव्हर कुठल्या बाजूला आहे ते पण बघा. माझा उजवा हात जोराचा आहे आणि लिव्हर उजवीकडे आहे म्हणून ठीक, काही मॉडेलमध्ये तो डावीकडे असतो आणि बदलता येत नाही.

दुसरं, सीटची उंची. ती बहुतेक स्कूटरवर खाली एक पिन काढून दोन-तीन टप्प्यांत बदलता येते पण ते दुकानदार आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना जरा उंच सीट बरी पडते, उठायला कमी ताकद लागते. पण फार उंच केली तर पाय फळीवर नीट टेकत नाहीत आणि मांडीखाली सीटची कड रुतते, शिवाय बसलेल्या माणसाचं वजन जितकं वर तितकी स्कूटर वळणावर जास्त कलते. तेव्हा उंची ही तुमची तुम्ही बसून, उतरून, परत बसून ठरवायची, आणि एकदा नाही तर चांगली आठ-दहा वेळा करायची, कारण पहिल्यांदा काहीही जमतं, दमल्यावर काय होतं ते कळलं पाहिजे. हाताचे आर्मरेस्ट वर उचलता येतात का, त्यांची रुंदी कमीजास्त करता येते का, आणि त्यांच्यावर पूर्ण वजन दिलं तर ते डगमगतात का हे पण बघा. फोल्डिंग स्कूटरचे काही आर्मरेस्ट नुसते नावाला असतात.

तिसरं, सीट आणि हँडल यांच्यातलं अंतर. हँडलचा दांडा पुढेमागे झुकवता येतो, जवळपास सगळ्यांचा, पण काहींना खटका दाबून कुठेही थांबवता येतं आणि काहींना दोन-चार ठरलेल्या जागाच असतात. हात कोपरात थोडे वाकलेले राहिले पाहिजेत आणि पाठ सीटला टेकलेली राहिली पाहिजे. हात ताठ राहत असतील तर अर्ध्या तासात खांदे भरून येतात. आणि उतरताना दांडा पुढे ढकलून जागा करता आली पाहिजे. दांड्याला धरून उठायचं नाही हं, तो आधारासाठी बनवलेला नसतो, आणि चावी चालू असेल आणि हात हँडलवरच्या चालवायच्या लिव्हरवर पडला तर स्कूटर उडी मारते. चढउतार करायच्या आधी चावी बंद, ही एक सवय लावली तर बरेचसे अपघात टळतात.

चालवणं सोपं आहे. हँडलवर दोन्ही बाजूंना लिव्हर असतात, सहसा एक दाबला की पुढे, दुसरा दाबला की मागे, आणि सोडून दिलं की मोटर स्वतःच ब्रेक लावते आणि गाडी थांबते. वेगळा ब्रेक लावायची गरज पडत नाही, मोठ्या स्कूटरवर हाताचा ब्रेक जादा असतो एवढंच. गोची अशी की आयुष्यभर ज्यांनी सायकल किंवा गाडी चालवली आहे ते घाबरले की हात घट्ट आवळतात, आणि इथे आवळलं की गाडी पळते. थांबायचं तर सोडायचं, हे डोक्याला माहीत असून उपयोग नाही, हाताला माहीत व्हायला पाहिजे, म्हणून मोकळ्या जागेत स्पीड कमीजास्त करायचं ससा-कासवाचं जे बटण असतं ते कासवावर ठेवून पुष्कळ वेळा चालू-बंद करा. अंगठ्याच्या सांध्यात दुखणं असेल तर साध्या सरळ हँडलपेक्षा गोलसर गुंडाळी असलेलं डेल्टा हँडल बघा, त्यात मनगट टेकवता येतं आणि लिव्हर अंगठ्याने किंवा बोटांनी कसाही ओढता येतो. हा फरक मला फोटोत कळला नव्हता, हातात धरल्यावर लगेच कळला.

आता फोल्डिंग आणि सुटे भाग होणाऱ्या छोट्या स्कूटर, ज्यांच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. जाहिरातीत एक हसतमुख बाई एका हाताने स्कूटर डिकीत ठेवते. त्या बाईला स्कूटरची गरजच काय आहे मग? सुटे भाग होणारी स्कूटर चार-पाच तुकड्यांत निघते, पण प्रश्न एकूण वजनाचा नसतो, सगळ्यात जड तुकड्याचा असतो, आणि तो म्हणजे मोटर असलेला मागचा भाग, बऱ्याच मॉडेलमध्ये 15 किलोच्या आसपास किंवा जास्तच. घडी होणारी लिथियम बॅटरीची स्कूटर 20 ते 30 किलो असते आणि ती एकसंध उचलावी लागते. ही दरवेळी कोण उचलणार त्या माणसाला दुकानात सोबत न्या आणि त्याला डिकीच्या उंचीपर्यंत उचलायला लावा, जमिनीवरून दोन इंच नाही. बरोबर कोणी नसेल तर हा प्रकार विसरा. शिवाय या छोट्या स्कूटरची चाकं 18-20 सेंटिमीटरची, पोट जमिनीपासून चार-सहा सेंटिमीटरवर, त्यामुळे जरा उंच उंबरठा आला की मधेच टेकते आणि चाकं हवेत फिरत राहतात. प्रवासाला, विमानतळावर, प्रदर्शनात वगैरे झकास. रोजच्या रस्त्याला नाही, असं माझं स्पष्ट मत.

मोठ्या, ताशी 12-15 किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरबद्दल एका वाक्यात: लांबचा रस्ता, मोकळी जागा, तळमजल्यावर ठेवायची सोय हे तिन्ही असेल तरच, कारण ती शंभर किलोच्या वर असते आणि बंद पडली तर चार माणसं लागतात. रस्त्यावर कुठे चालवायची, परवाना किंवा विमा लागतो का, याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, वेगवान मॉडेलला ते जास्त कडक असतात, तेव्हा घ्यायच्या आधी तुमच्याकडचं बघून घ्या.

चढाच्या आकड्यात एक गंमत आहे. एका ब्रोशरमध्ये चढण्याची क्षमता 10 लिहिलेली असते, दुसऱ्यात 8, आणि आपण 10 वाली घेतो. पण ते अंश आहेत की टक्के हे बघितलं का? 10 टक्के म्हणजे जेमतेम पावणेसहा अंश, आणि 8 अंश म्हणजे 14 टक्के, म्हणजे 8 वालीच जास्त चढते. अंदाजासाठी, नियमात बसणारा जो रॅम्प असतो, 12 फूट लांबीला एक फूट उंची, तो पावणेपाच अंशांचा असतो. तो कुठलीही स्कूटर चढते. बिल्डिंगच्या पार्किंगमधून वर येणारे उतार मात्र यापेक्षा खूप तीव्र असतात, आणि तिथे फक्त चढेल का हे बघायचं नाही तर मध्येच थांबून परत निघेल का हे बघायचं. चढ सरळ चढायचा, तिरका नाही, आणि अंग पुढे झुकवायचं. मागे दोन छोटी चाकं लटकलेली असतात ती मागे कलंडू नये म्हणून असतात, ती जमिनीला घासतात म्हणून काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. काढू नका.

आणि तो मागचा न्यूट्रलचा लिव्हर. स्कूटर बंद असताना ढकलता यावी म्हणून तो दिलेला असतो, तो टाकला की मोटर सुटते आणि मोटर सुटली की ब्रेकही सुटतो. म्हणजे उतारावर कोणी मदत करायच्या उत्साहात तो लिव्हर टाकला आणि तुम्ही वर बसलेले असाल तर, हाताचा ब्रेक नसला की, थांबवायला काहीच नाही. मदत करणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगायचं. घरातल्या मुलांना तर दोनदा सांगायचं.

बॅटरी. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात असं म्हणतात पण हिशेब अवघड नाही. बहुतेक स्कूटर 24 व्होल्टच्या, म्हणजे 12-12 च्या दोन बॅटऱ्या जोडून. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास, 24 गुणिले 12 म्हणजे 288, 24 गुणिले 36 म्हणजे 864. दोन मॉडेलची तुलना करायची तर या आकड्याने करा, किलोमीटरने नको. कारण ब्रोशरमधले किलोमीटर हे सपाट जमीन, मध्यम वजनाचा माणूस, नवीकोरी बॅटरी, छान हवामान, न थांबता चाल असं सगळं जुळून आल्यावरचे असतात. चढ, थंडी, वजन, सारखं थांबणं-निघणं धरलं तर त्यातले साठ-सत्तर टक्के धरून चाला, आणि बॅटरी जुनी झाली की त्याहून कमी. 20 किलोमीटरची स्कूटर म्हणजे माझ्या हिशेबी बारा-तेराची. आणि त्यातले अर्धे परत यायला लागतात!

लेड-ॲसिडवाल्या बॅटऱ्या, मग त्या एजीएम असोत की जेल, जड असतात पण स्वस्त आणि साध्या, साधारण दोन-तीन वर्षं टिकतात, वापर कसा आहे त्यावर. त्यांचा एकच हट्ट असतो, रिकामं ठेवायचं नाही. बाहेरून आलं की लगेच चार्जिंगला, थोडंसंच फिरलं असलात तरी, आणि पूर्ण चार्ज होऊ द्यायचं, आठ-दहा तास लागले तरी. महिनाभर वापरणार नसाल तरी मधूनमधून चार्ज करा, नाहीतर आत सल्फेट जमतं आणि ती बॅटरी पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. लिथियम हलकी, लवकर चार्ज होणारी, जास्त वर्षं जाणारी, महाग. तिला कंपनीचाच चार्जर लावा, गोठवणाऱ्या थंडीत चार्ज करू नका, आणि कुठल्याच स्कूटरचं चार्जिंग घराच्या एकमेव बाहेर जायच्या वाटेत करू नका, आग लागली तर वाटच बंद होते. विमानाने जायचं असेल तर काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीला सहसा 300 वॉट-तासांची मर्यादा असते, दोन असतील तर प्रत्येकी 160, पण एअरलाइनला तिकीट काढायच्या आधीच विचारून लेखी घ्या, काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

चार्जिंगचं भोक कुठे आहे ते बघा. माझा एक मार्क इथेच कापला गेला. माझ्या स्कूटरवर ते सीटच्या खाली मागच्या बाजूला आहे, म्हणजे रोज वाकायचं, गुडघे दुखणाऱ्या माणसाने, रोज. कुणी डिझाइन केलं असेल देव जाणे. हँडलच्या दांड्यावर भोक असलेली मॉडेल मिळतात, बसल्या बसल्या वायर लावता येते. घरातला भाऊ लावतो म्हणून चाललंय, एकटी राहत असते तर हे मॉडेल परत केलं असतं.

टायर: हवेचे मऊ चालतात पण पंक्चर होतात आणि हवा बघत राहावी लागते, भरीव टायर पंक्चर होत नाहीत पण प्रत्येक खड्डा कमरेत कळतो. पाठीचं दुखणं असेल तर हवेचे घ्या किंवा सस्पेन्शन असलेली बघा. माझे भरीव आहेत, सीटला स्प्रिंग आहे, चालतं.

पाऊस. बारीक पावसात भिजली तर काही होत नाही, पण हँडलवरच्या बटणांच्या पट्टीत आणि कंट्रोलरमध्ये पाणी शिरलं की खर्च मोठा. हँडलला प्लास्टिकचं कव्हर घाला, साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, आणि धुवायला पाइप नको, ओलं फडकं बस. पुढची बास्केट सगळ्यांना आवडते, पण त्यात जड सामान टाकलं की हँडल जड होतं आणि पुढचा दिवा झाकला जातो, त्यापेक्षा सीटच्या मागे पिशवी, तीही हलकीच, कारण मागे वजन लटकवलं की चढावर पुढची चाकं हलकी होतात. वजनाची मर्यादा बघताना हे सामान, जाकीट, काठी सगळं धरायचं, आणि आपल्या वजनाच्या वर वीस-पंचवीस किलो मोकळे राहतील असं मॉडेल घ्यायचं. मर्यादेला टेकून चालवली तर मोटर तापते, चढावर मध्येच कट-आउट पडून बंद होते.

ट्रायल घेतल्याशिवाय घेऊ नका हे सगळेच सांगतात. मी म्हणते दुकानातली ट्रायल ट्रायलच नव्हे, गुळगुळीत फरशी आणि रुंद रस्ता. घरी आणायला सांगा, आपल्या दारातून, आपल्या लिफ्टमधून, आपल्या त्या एका वाईट कोपऱ्यातून चालवून बघा. मी पहिल्यांदा विचारलं तिथे सरळ नाही म्हणाले, वर मला आमच्याकडे कुणी असं मागत नाही म्हणून ऐकवलं. दुसरीकडे गाडीत घालून दोन मॉडेल घेऊन आले, आणि त्यातलं दुकानात मला आवडलेलं मॉडेल माझ्या लिफ्टमध्ये अडकलं. मग तिथल्याच माणसाने मुकाट्याने दुसरं पुढे केलं. सर्व्हिसचं पण तेव्हाच विचारा: बंद पडली तर घरी येणार की आम्ही आणायची, किती दिवसांत, बॅटरी आणि टायर याच साइजचे बाहेर मिळतात का की फक्त तुमच्याकडेच, वॉरंटीत बॅटरी धरली आहे का, कारण सहसा बॅटरीची मुदत वेगळी आणि कमी असते.

वापरून झालेला फायदा मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही. भाजी आणायला, बँकेत, नुसतंच चक्कर मारायला, कुणाला विचारावं लागत नाही. पण जिथे चालणं जमतं तिथे चालते, स्कूटर दारात लावून आत काठीवर जाते, कारण पाय वापरले नाहीत तर जे थोडं चालता येतंय तेही जातं हे फिजिओने निक्षून सांगितलंय. म्हणून काठी अडकवायचा होल्डर पहिल्याच दिवशी लावून घेतला, तो कंपनी देत नाही, वेगळा घ्यावा लागतो.

सेकंडहँडबद्दल बरेच जण विचारतात. घेता येते, फ्रेम आणि मोटर दणकट असतात, वर्षानुवर्षं जातात. बॅटऱ्या मेलेल्याच आहेत असं धरून नव्या बॅटऱ्यांचा खर्च किमतीत मिळवा आणि मग स्वस्त पडते का बघा. चावी लावल्यावर बॅटरीचा काटा पूर्ण दाखवतोय यावर जाऊ नका, अर्धा तास चालवून, एक चढ चढून मग काटा बघा. लिव्हर सोडल्यावर सरळ रेषेत थांबते का, उतारावर उभी केली तर सरकते का, सीट वळून अडकते का, हँडलच्या सांध्यात ढिलेपणा आहे का. ओरिजिनल चार्जर नसेल तर तिथूनच परत फिरा.